गाऱ्यासाठी घेतलेले टायर

आमचं वावर पातूरपासून फार लांब नाही, पण शेवटचा दीड किलोमीटर पांदण आहे. पावसाळ्यात तिथं बैलही कुरकुरतो. म्हणून उन्हाळ्यातच जीपला मड टायर चढवले. बोटभर खोल खाचा, जाडजूड गठ्ठे. दुकानदार म्हणाला, "आता कुठंच फसणार नाही."

मृगाच्या पहिल्या पावसात पन्नास पावलांवर फसलो. उतरून पाहिलं तर खाचाच दिसेनात. चारही चाकं काळ्या लाडूसारखी गुळगुळीत. बाजूच्या वावरातले काका ट्रॅक्टर घेऊन आले. विळ्यानं गारा खरवडत म्हणाले, "बाबू, चाक भरलं त मंग नक्षीले काय चाटतं?"

मड टायर फिरता फिरता खाचांतला चिखल भिरकावतो, म्हणून तो पकड घेतो. आपली काळी माती मात्र पाणी पिऊन फुगते आणि चिकटली की सुटत नाही.

तरी टायर तेच ठेवले, पैसे गुंतले होते ना! डिसेंबरात पहाटे वाशीमला निघालो. अवकाळीची बुरबुर सुरू होती. पातूरच्या घाटात वळणावर पुढचा ट्रक हळू झाला, मी ब्रेक दाबला, अन् जीप घसरत कडेच्या नालीत. कुणाला लागलं नाही, पण हात तासभर थरथरत होते. मड टायरच्या गठ्ठ्यांमध्ये मोठ्या फटी असतात, त्यामुळे डांबराला रबर कमी टेकतं. त्यात पहिल्या सरीनं धूळ आणि तेलाचा राप झालेला असतो.

आता कुणी विचारलं तर आधी हिशेब करायला लावतो: शंभरातले किती किलोमीटर डांबरावर? नव्वद असतील तर साधे रस्त्याचे टायर घ्या. मुरूम-खडीवर रोज जाणं असेल तर ऑल-टेरेन, म्हणजे कडेला 'ए/टी' लिहिलेले. 'एम/टी', म्हणजे मड टायर, फक्त चिखलातच काम असणाऱ्यानं घ्यावेत.

टायर कडेच्या चार आकडी तारखेवरून घ्या. 2324 म्हणजे 2024 सालचा तेविसावा आठवडा. कायद्यानं नक्षी किमान 1.6 मिलिमीटर लागते, पण ओल्या रस्त्यासाठी 3 वर आली की बदलाच. थंडीत हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी तपासा. तापमान दहा अंश सेल्सिअसनं उतरलं की टायरची हवा साधारण दीड ते दोन पीएसआयनं उतरते.

पोरं हिवाळ्यात मनालीला गाडी नेतात. त्यांनी ध्यानात ठेवावं, बर्फावर मड टायरचा भरवसा नाही. तिथं डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेले टायर लागतात, नाहीतर चाकांना साखळ्या.

मी आता ए/टी वापरतो. पाऊस पडला की जीप डांबरावरच उभी करतो, चपला हातात घेतो आणि पांदणीनं पायी जातो.