परदेशातील संसार : अहमदनगरचे ह्यूम दांपत्य

उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपल्याला –
• एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मिशनरी दांपत्याच्या दैनंदिन जीवनाचे स्वरूप सांगता येईल;
• या जीवनात पतीचे व पत्नीचे काम कसे विभागले होते आणि त्याची नोंद कशी झाली, हे स्पष्ट करता येईल;
• मिशनरी पत्रे व अहवाल आणि मराठी आत्मकथन या दोन साधनांचा तुलनात्मक विचार करता येईल.

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मराठी गद्याच्या जडणघडणीचा विचार करताना कोश, व्याकरण, नियतकालिके आणि शाळा यांच्या संदर्भात मिशनऱ्यांचा उल्लेख आपण अनेकदा वाचलेला आहे. मात्र ही कामे करणारी माणसे घर कसे चालवीत होती, वर्ष कसे घालवीत होती, आणि दूरदेशी आयुष्य काढण्याची कोणती किंमत मोजीत होती, याकडे सहसा लक्ष जात नाही. प्रस्तुत घटकात आपण रॉबर्ट ॲलन ह्यूम आणि केटी फेअरबँक ह्यूम या अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथील ज्येष्ठ मिशनरी दांपत्याच्या आधारे या बाजूचा अभ्यास करणार आहोत.

१. पार्श्वभूमी

अमेरिकन बोर्ड ही परदेशी धर्मप्रचारासाठी स्थापन झालेली संस्था १८१० मधली. तिचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत पोहोचले. ईस्ट इंडिया कंपनीचा त्यांना विरोध होता. त्याच वर्षीच्या सनदी कायद्याने मिशनऱ्यांच्या प्रवेशाचा मार्ग मोकळा केला. या कार्याची झळ कुटुंबांना आरंभापासूनच लागली. पहिल्या तुकडीतील हॅरिएट न्यूएल १८१२ मध्ये, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, मॉरिशस बेटावर मृत्यू पावल्या. गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिक परिसरातील दौऱ्यावर असताना पटकीला बळी पडले. १८३१ मध्ये अहमदनगरला केंद्र सुरू झाले आणि पुढे ते 'अमेरिकन मराठी मिशन'चे प्रमुख ठाणे बनले. 'ज्ञानोदय' हे नियतकालिकही १८४२ मध्ये येथूनच निघू लागले.

२. दांपत्याचा परिचय

रॉबर्ट ह्यूम यांचा जन्म १८४७ मध्ये मुंबईत झाला. त्यांचे आईवडील १८३९ मध्ये मिशनकार्यासाठी आले होते. १८५४ मध्ये मायदेशी परतताना वडिलांचे समुद्रातच निधन झाले आणि आईने मुलांना अमेरिकेत वाढविले. सात वर्षांचा असताना भारत सोडलेला हा मुलगा येल येथे पदवी व अँडोव्हर येथे धर्मशिक्षण घेऊन १८७४ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी परत आला. १८७८ मध्ये त्यांनी अहमदनगरला धर्मशिक्षणाचे विद्यालय सुरू केले. त्यांच्या पहिल्या पत्नी ॲबी १८८१ मध्ये निवर्तल्या.

केटी फेअरबँक या नेवासे परिसरातील वडाळा येथे दीर्घकाळ काम केलेल्या सॅम्युएल फेअरबँक यांच्या कन्या. वडिलांना शेतीसुधारणेत आणि पक्षिनिरीक्षणात रस होता; दक्षिण भारतातील एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात त्यांचे नाव आजही आहे. आईकडून केटी यांचे नाते बॅलंटाईन या अहमदनगरच्याच मिशनरी घराण्याशी होते. १८८२ मध्ये त्या अहमदनगरच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाल्या आणि १८८७ मध्ये त्यांचा रॉबर्ट यांच्याशी विवाह झाला.

दोघांचेही आईवडील मिशनरी होते आणि दोघांचाही मराठी मुलखाशी संबंध बालपणापासूनचा होता, ही बाब महत्त्वाची आहे. अशा माणसांच्या बाबतीत 'परदेश' या शब्दाचा अर्थच बदलतो.

३. वर्षाचा व दिवसाचा क्रम

मिशनरी कुटुंबाचे वर्ष ऋतूंप्रमाणे विभागलेले असे. थंडीचे दिवस दौऱ्यांचे. तंबू, अंथरूण-पांघरूण, भांडी आणि पुस्तके बैलगाडीत घालून गावोगाव मुक्काम करायचा. शाळा तपासायच्या, शिक्षकांशी बोलायचे, सभा घ्यायच्या. उन्हाळ्यात काही आठवडे महाबळेश्वरसारख्या थंड ठिकाणी जायचे. ही चैन नव्हती. ताप व पटकीने खचलेल्या कुटुंबांना ती आरोग्याची गरज वाटे. पावसाळ्यात दौरे थांबत आणि लेखन, अध्यापन व हिशेब यांना वेळ मिळे.

रोजच्या कामात उपासना, वर्ग आणि पत्रव्यवहार यांखेरीज भेटीला येणाऱ्यांचा मोठा वाटा असे. कोणाला पगाराविषयी बोलायचे असे, कोणाला मुलाच्या शाळेविषयी, कोणाला सावकाराच्या तगाद्याविषयी. ख्रिस्ती झालेल्यांपैकी बहुसंख्य लोक महार व मांग समाजांतील होते. अस्पृश्यतेमुळे गावात ज्यांचे ऐकून घेणारे कोणी नव्हते, ते साहेबाच्या बंगल्याची पायरी चढत. त्यामुळे घर, कचेरी आणि चावडी या तिन्हींचे काम एकाच ओसरीवर चाले.

हे सारे मराठीतूनच होई. नव्याने आलेल्या मिशनऱ्याची पहिली वर्षे पंडिताजवळ भाषा शिकण्यात जात. मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती १८५७) हाताशी असला, तरी ओसरीवरची मराठी कोशातून येत नाही. ती ऐकून, चुकून आणि पुन्हा बोलूनच येते.

४. दोघांचे काम, एकाचे नाव

मिशनच्या कागदपत्रांत पुरुषाचे नाव पूर्ण येते. पत्नीचा उल्लेख बहुधा 'मिसेस' लावून पतीच्या नावाने होतो. केटी यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १८८२ ते १८८७ या काळात त्या स्वतःच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शिक्षिका होत्या. अविवाहित स्त्रियांना परदेशी पाठविणारे स्त्रियांचे स्वतंत्र मंडळ बॉस्टन येथे १८६८ मध्ये स्थापन झाले होते आणि मुलींच्या शाळांना त्याचा आधार होता. विवाहानंतर मात्र कागदोपत्री केटी फेअरबँक मागे पडल्या आणि 'मिसेस ह्यूम' पुढे आल्या.

प्रत्यक्षात मिशनरी पत्नीचे काम विवाहामुळे कमी होत नसे, उलट वाढे. मुलींचे शिक्षण, स्त्रियांच्या सभा, आजाऱ्यांची विचारपूस, पाहुण्यांची सरबराई आणि स्वतःची मुले हे सगळे तिच्याकडे असे. सनातनी घरांतील स्त्रियांपर्यंत परका पुरुष पोहोचू शकत नसे. तेथे तिलाच प्रवेश मिळे. म्हणजे मिशनकार्याचा एक मोठा भाग तिच्यावाचून शक्यच नव्हता. तरीही अहवालांत त्याची मोजदाद क्वचितच झालेली दिसते.

५. दुष्काळाची वर्षे

१८९६ पासून प्लेग व दुष्काळ यांनी महाराष्ट्र पोळून निघाला. त्यातच १८९९–१९०० चा भीषण दुष्काळ आला. या काळात नेहमीचा वर्षक्रम कोलमडला. धान्यवाटप, कामे काढणे आणि अनाथ मुलांची व्यवस्था ही रोजची कामे झाली. अमेरिकेत वर्गणी गोळा झाली; मक्याने भरलेले 'क्विटो' हे जहाज १९०० मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईकडे निघाले. मदतीच्या वाटपात रॉबर्ट ह्यूम यांचा पुढाकार होता. या सेवेबद्दल सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले.

पदक एकाला मिळाले. परंतु अनाथ मुले एकदा दारात आली, की त्यांचे अन्न, कपडे, औषध आणि शिक्षण हा प्रश्न पुढची कित्येक वर्षे उरतो. घर आणि शाळा सांभाळणाऱ्यांच्या वाट्याला ते काम आले. दुष्काळाचा इतिहास वाचताना हा उरलेला काळही लक्षात घ्यावा.

६. ताटातूट

मिशनरी घरांतील सर्वांत कठीण प्रसंग मुलांना निरोप देण्याचा. शिक्षणासाठी मुलांना अमेरिकेत नातेवाइकांकडे ठेवण्याची रीत होती. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला होण्यापूर्वी हा प्रवास आफ्रिकेला वळसा घालून कित्येक महिने चाले. नंतर तो आठवड्यांवर आला, तरी भेटीतले अंतर वर्षांचेच राहिले. पत्र हाच सहवास होता. काही वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या रजेतही चर्चमधून व्याख्याने देऊन निधी जमवावा लागे.

बावन्न वर्षांच्या सेवेनंतर १९२६ मध्ये रॉबर्ट ह्यूम यांनी भारत सोडला आणि १९२९ मध्ये अमेरिकेत त्यांचे निधन झाले. ज्याचा जन्म मुंबईचा आणि उमेदीची सारी वर्षे अहमदनगरची, तो एकोणऐंशीव्या वर्षी 'मायदेशी' गेला की मायदेश सोडून गेला, याचे एकच एक उत्तर देता येत नाही.

७. साधने वाचताना

मिशनऱ्यांची पत्रे व अहवाल निधी देणाऱ्या वाचकांसाठी लिहिलेले असत. त्यामुळे गरज, यश आणि श्रद्धा यांवर भर येतो. स्थानिक सहकाऱ्यांची नाराजी किंवा बंगला व झोपडी यांतील अंतर मागे राहते. याची दुसरी बाजू आपल्याला मराठी साहित्यात मिळते. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक अहमदनगरला याच मिशनमध्ये काम करीत होते. १९१२ पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादनही त्यांच्याकडे होते. मिशनविषयी आदर असूनही १९१७ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' स्थापन केला. ख्रिस्ती जीवन परकीय संस्थेच्या चौकटीबाहेर, भारतीय रूपात उभे राहावे, ही त्यामागची ओढ होती. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' मध्ये हेच मिशनचे जग घरात राहणाऱ्या मराठी स्त्रीच्या विनोदी पण तीक्ष्ण नजरेने दिसते. अहवालात जे कार्य म्हणून येते, ते तेथे माणसांच्या भेटीगाठी, गैरसमज आणि जिव्हाळा म्हणून येते. दोन्ही साधने शेजारी ठेवून वाचली, तरच चित्र पूर्ण होते.

सारांश

ह्यूम दांपत्याचे जीवन त्यागाची कथा म्हणून किंवा केवळ धर्मप्रसाराचा प्रयत्न म्हणून वाचल्यास अपुरे समजते. त्यात परिश्रम होते, ताटातूट होती, मराठीशी आयुष्यभराचे नाते होते. त्याचबरोबर परकीय सत्तेच्या काळातील असमान संबंधही होते. पत्नीचे कार्य पतीच्या नावामागे झाकले गेले, हेही त्यातले सत्य आहे. दैनंदिन जीवनाचा अभ्यास आपल्याला या सर्व बाजू एकत्र पाहावयास शिकवितो.

स्वाध्याय

१. मिशनरी कुटुंबाचा वर्षक्रम ऋतूंशी कसा निगडित होता, ते थोडक्यात लिहा.
२. 'दोघांचे काम, एकाचे नाव' हे विधान केटी ह्यूम यांच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
३. मिशनरी अहवाल व 'स्मृतिचित्रे' यांच्या दृष्टिकोनांतील फरक सांगा.
४. आपल्या कुटुंबातील किंवा परिचयातील, नोकरीनिमित्त दूर राहिलेल्या एखाद्या दांपत्याच्या दिनक्रमाविषयी माहिती मिळवा. त्यांच्यापैकी कोणाच्या कामाची नोंद झाली व कोणाच्या कामाची झाली नाही, यावर दोनशे शब्दांत टिपण लिहा.