पाचवे शील आणि कॉलेजची खोली



आळेफाट्यावर एस.टी.त बसून आपली मुले पुण्याला शिकायला जातात. त्यांच्यासाठी आजचा पाठ.

पाचव्या शीलात मद्याचे नाव आहे. मग गांजा, एम.डी. चालते काय? नाही. शीलाचा रोख प्रमादावर, म्हणजे बेसावधपणावर आहे. मन बेसावध करणारे सर्वच त्याज्य. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यात कुरकुंभच्या कारखान्यातून एम.डी.चा मोठा साठा पकडला. हे विष आपल्याच जिल्ह्यात आहे.

बिघडायचे म्हणून कोणी पहिला झुरका घेत नाही. मित्र म्हणतात, "एकदाच घे, गावंढळ राहू नकोस." घरातून प्रथमच कॉलेजात गेलेल्याला एकटे पडण्याची भीती मोठी, ती मीही भोगली आहे. "त्या वेळी बघू" म्हणणारा फसतो, कारण नशेत निर्णय करणारी बुद्धीच आधी जाते. म्हणून नकार घरूनच ठरवून न्यावा. "मी घेत नाही" एवढे पुरे.

आईबापांनो, पोर चुकले तर खरे सांगू शकेल, असे घर ठेवा. मारल्याने ते लपवायला शिकते. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतील मद्य न पिण्याची प्रतिज्ञा बापालाही आहे, हे विसरू नका.

जयभीम!