छावणींतील गुरांच्या पायांखालची जमीन

व्यापारी, जमीनदार व इतर उदार दाते यांस सविनय निवेदन

दुष्काळांत गुरांसाठीं मदत मागितली म्हणजे दात्यांच्या डोळ्यांपुढें चारा आणि पाणी हीं दोनच उभीं राहतात, आणि तें योग्यच आहे. परंतु छावणींत आणलेलें जनावर रात्रंदिवस एका लहानशा जागेवर उभें राहतें व बसतें. ती जागा ओली व घाण राहिली तर दिलेल्या चाऱ्याचें चीज होत नाहीं. म्हणून या जागेची रचना कशी असावी, याचा थोडा विचार सुज्ञ दात्यांपुढें मांडण्याचें समितीनें योजिलें आहे.

१८९९–१९०० च्या दुष्काळांत मुंबई इलाख्यांत, विशेषतः गुजराथेंत, गुरांचा मोठा संहार झाला. बैल गेला म्हणजे पाऊस पडूनही शेत पडीक राहतें, हें त्या काळच्या शेतकऱ्यानें सोसलें. पुढें २०१२–१३ व २०१८–१९ या सालांच्या अवर्षणांत बीड, सोलापूर, सातारा, सांगली या जिल्ह्यांत चाराछावण्या उघडाव्या लागल्या, आणि शेकडों गुरें एके ठिकाणीं महिनोन्महिने बांधून राहिलीं. गुरें एकत्र आलीं कीं त्यांचें मलमूत्रही एकत्र येतें, हें ओघानेंच आलें.

याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. अंगाच्या व चाऱ्याच्या मानानें कमी-अधिक धरिलें तरी एक प्रौढ जनावर दिवसास सुमारें दहा ते पंधरा किलो शेण टाकतें व सात-आठ लिटर मूत्र सोडतें. म्हणजे पांचशें गुरांच्या छावणींत तीन महिन्यांत तीन लाख लिटरांहून अधिक मूत्र जमिनीवर पडतें. तें कोठें जातें, हा खरा प्रश्न आहे.

शेण आणि मूत्र वेगवेगळीं असतांना उपद्रव थोडा. एकत्र होतांच तो वाढतो. मूत्रांतील नत्राचा मोठा भाग युरियाच्या रूपांत असतो. शेणांतील जंतूंपाशीं युरियेज नांवाचें विकर असतें. त्याचा संबंध येतांच कांहीं तासांत युरियाचा अमोनिया होऊन तो हवेंत उडूं लागतो. गोठ्यांत शिरतांच नाकास झोंबणारा व डोळ्यांस पाणी आणणारा जो उग्र दर्प येतो, तो हाच. त्यानें गुरांच्या श्वासमार्गास त्रास होतो, आणि शेताचें जें खत व्हावयाचें तें वाऱ्यावर जातें. शिवाय ओल्या शेणांत उभ्या राहणाऱ्या जनावरांचे खूर मऊ पडून कुजूं लागतात, व दुभत्या गाईम्हशींस कासदाह जडतो.

हा प्रश्न केवळ आपल्याच मुलखाचा नव्हे. नेदरलंडांत गोठ्याच्या फटींच्या जमिनीखालीं खड्डा करून त्यांत शेणमूत्र एकत्र सांचविण्याची पद्धति रूढ झाली. अमोनियानें तेथील वनें व माळरानें यांस अपाय होऊं लागला, आणि २०१९ सालीं तेथील राज्यपरिषदेनें नत्रासंबंधींची सरकारी परवाना-योजना रद्द ठरविली. त्या देशांत योजिलेल्या उपायांपैकीं एक म्हणजे खांचा पाडलेली जमीन होय. तिच्यावर मूत्र खांचांतून लगेच वाहून जातें व शेण यांत्रिक फावड्यानें वारंवार ओढलें जातें. तें यंत्र आपणांस नको. तत्त्व मात्र घेण्याजोगें आहे. मूत्र तत्काळ वेगळें जावें, शेण दिवसांतून निदान दोनदां उचललें जावें, आणि या दोहोंसही पाणी लागूं नये. शेवटची अट दुष्काळांत सर्वांत महत्त्वाची. सुकाळांतला गोठा बादल्या ओतून धुतां येतो. टँकरनें आणलेलें पाणी मात्र जमीन धुण्यांत घालवितां येत नाहीं.

आतां प्रत्यक्ष रचना. वरची भुसभुशीत माती काढून चार ते सहा इंच मुरूम पसरावा आणि किंचित् ओलावून धुमसानें घट्ट ठोकावा. गव्हाणीपासून मागच्या नालीकडे चाळीस ते साठ फुटांस एक फूट या प्रमाणांत उतार द्यावा. म्हणजे सहा फूट लांबीच्या जागेस सव्वा ते पावणेदोन इंच. याहून कमी दिल्यास डबकें सांचतें. फार अधिक दिल्यास गाभण जनावरांस त्रास होतो. मागें एक फूट रुंदीची उथळ नाली काढावी व तिला दहा फुटांस एक इंच उतार देऊन ती झांकलेल्या खड्ड्यांत न्यावी. नाली व खड्डा हीं विटांचीं, शहाबादी फरशीचीं किंवा सिमेंटचीं असावींत. कारण मुरमाची नाली मूत्र वाहून नेण्याऐवजीं पिऊन टाकते. पैसा थोडा असल्यास तो आधीं नाली व खड्डा यांत घालावा, मग जनावराच्या मागल्या पायांखालच्या दोन-अडीच फुटांच्या पट्ट्यांत, आणि सर्वांत शेवटीं उरलेल्या जागेंत. सिमेंटची जमीन केल्यास ती गुळगुळीत न ठेवतां उताराच्या दिशेनें तींत खांचा पाडाव्या. उपासानें अशक्त झालेला बैल घसरून पडला तर पुन्हां उभा राहणें कठीण.

जेथें फरशीस पैसा नाहीं तेथेंही मार्ग आहे. इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्रींत काम करणारे आल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत मातीच्याच जमिनीचा उपयोग सांगितला आहे. गुरांखालीं काडीकचरा अंथरावा. मूत्र मुरलेली वरची सुमारें सहा इंच माती तीन-चार महिन्यांनीं खणून कंपोस्टांत घालावी, व तेथें नवी माती भरावी. दुष्काळांत खाण्याजोगी काडी गुरांच्या तोंडींच गेली पाहिजे. म्हणून अंथरावयास वाळलेला पालापाचोळा, लाकडाचा भुसा किंवा भाताचें तूस घ्यावें.

ही मातीची जमीन विहिरीजवळ मात्र करूं नये. दख्खनच्या काळ्या खडकांत भेगा फार. वरून मुरलेलें मूत्र त्यांतून विहिरीस पोंचूं शकतें. पिण्याच्या पाण्यांत नायट्रेट लिटरास ४५ मिलिग्रॅमहून अधिक नसावें असें भारतीय मानक आहे. तें वाढल्यास, वरचें दूध त्या पाण्यांत कालवून पाजलेल्या तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति घटते. म्हणून छावणी विहिरीच्या खालच्या अंगास, निदान शंभर फूट दूर असावी. शेणाचा ढीग व मूत्राचा खड्डा त्याहूनही दूर. पाऊस येण्यापूर्वीं ढीग मातीनें झांकावा, नाहीं तर पहिल्याच सरीबरोबर सर्व घाण ओढ्यांत उतरेल, आणि ज्या पाण्याची गांवानें वर्षभर वाट पाहिली तेंच प्रथम नासेल.

अशा रीतीनें राखलेलें शेण व मूत्र हें छावणीचें उत्पन्न होय. छावणी उठतांना शेतकऱ्यास आपला बैल परत मिळेल आणि त्याबरोबर गाडीभर खतही मिळेल, तर पुढचा खरीप उभा करण्यास त्याला सावकाराच्या दारीं कमी जावें लागेल.

म्हणून दात्यांस विनंती अशी कीं, चाऱ्याच्या देणगींत हात आंखडतां न घेतां या कार्यासही हातभार लावावा. व्यापाऱ्यांनीं विटा, फरशी, सिमेंट द्यावें. जमीनदारांनीं उंचवट्याची निचऱ्याची जागा, मुरूम व तो आणण्यास वाहन द्यावें. ज्यांस हें शक्य नसेल त्यांनीं एका दावणीच्या नालीचा खर्च उचलावा. चारा जनावरास एक दिवस जगवितो. कोरडी जमीन तो चारा रोजच्या रोज अंगीं लागूं देते. मुक्या जीवांच्या वतीनें समितीची एवढीच नम्र प्रार्थना आहे.