मणिकर्णला जाताना

कुलू-मनालीला निघालेले माझे रुग्ण मणिकर्णबद्दल हमखास विचारतात. भुंतरपासून सुमारे ३५ कि.मी.वर, पार्वती नदीच्या अरुंद दरीत हे गरम पाण्याचे झरे आहेत. मूळ कुंडात पुरचुंडी सोडली की भात शिजतो! स्नानाच्या कुंडात थंड पाणी मिसळतात, तरी ते बरेच कढत असते.

जुन्या मधुमेहात पावले बधिर होतात. चटका कळत नाही, फोड मात्र येतो आणि जखम चिघळते. अशांनी पायाने पाणी अजमावू नये. सोबत्याला हात घालून पाहू द्यावे.

रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना मी पाच मिनिटांची मुभा देतो. उष्णतेने रक्तवाहिन्या सैलावतात, एकदम उठल्यास भोवळ येते. काठावर थोडे टेकावे, मगच उभे राहावे. गर्भवतींनी कुंडात उतरूच नये. गुरुद्वारातील लंगरचे जेवण स्नानानंतर घ्यावे.