विसात एक म्हणजे किती? विधी विद्यापीठांच्या प्रवेशाचे आकडे कसे वाचावेत



बारावीच्या वर्गात दर वर्षी जुलैच्या सुमारास कोणीतरी हळूच विचारतो, "सर, एनडीए नाही झाले तर क्लॅट देऊ का? पण तिथे विसात एकच लागतो म्हणे." क्लॅट द्यायची की नाही, हे तुमचे तुम्ही आणि घरच्यांनी ठरवायचे. पण 'विसात एक' हा गणिताचा विषय आहे आणि मी गणिताचा शिक्षक आहे, तेव्हा त्यावर चार शब्द बोलण्याचा मला अधिकार आहे.

क्लॅट म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा. २००८ साली सात विद्यापीठांनी मिळून ती सुरू केली. आज वीसहून अधिक विद्यापीठे तिच्यावर बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश देतात. (दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची 'आयलेट' ही परीक्षा वेगळी, तिचा अर्जही वेगळा.) अलीकडच्या वर्षांत क्लॅटला साठ हजारांच्या आसपास अर्ज येतात आणि जागा तीन हजारांहून थोड्या अधिक असतात. भागाकार केला की विसाला एक असे उत्तर येते.

भागाकार बरोबर आहे. त्यावरून 'माझी शक्यता पाच टक्के' असा जो निष्कर्ष काढला जातो, तो मात्र चुकीचा आहे. सोडत असती तर तो खरा ठरला असता, कारण सोडतीत प्रत्येक चिठ्ठी सारखी असते. परीक्षेत तसे नसते. आपल्या ओळखीचेच उदाहरण घ्या. एनडीएला एका परीक्षेला लाखो अर्ज येतात आणि जागा चारशेच्या आसपास असतात. अर्ज चार लाख धरले तर हजारात एक. त्या हिशेबाने पन्नास मुलांच्या आपल्या तुकडीतून वीस वर्षांत एक जण खडकवासल्याला पोचायला हवा. भोजनगृहाबाहेरच्या फलकावरची नावे मोजा आणि मला सांगा, हिशेब जुळतो का. अर्जदार किती, यापेक्षा त्यांच्यात तयारीने बसलेले किती आणि त्यांच्यात तुम्ही कुठे आहात, हे महत्त्वाचे. म्हणून अर्ज आणि जागा यांचे प्रमाण पाहून कोणी घाबरू नये. ते पाहून कोणी निश्चिंतही होऊ नये, कारण क्लॅटला बसणाऱ्यांत एक-दोन वर्षे फक्त याच परीक्षेसाठी दिलेली मुलेही पुष्कळ असतात.

दुसरा फसवा आकडा परसेंटाइलचा. "सर, सराव परीक्षेत ९५ परसेंटाइल आले!" छान. पण साठ हजारांत ९५ परसेंटाइल म्हणजे तुमच्या पुढे सुमारे तीन हजार मुले आहेत. म्हणजे सगळ्या विद्यापीठांच्या सगळ्या जागा मिळून जिथे संपतात, त्या काठावर तुम्ही उभे आहात. ९९ म्हणजे सहाशेवा क्रमांक. पहिल्या शंभरात यायचे तर ९९.८३ लागतात. शेवटच्या एका टक्क्यात सहाशे मुले दाटीने बसलेली असतात आणि नावाजलेल्या विद्यापीठांच्या खुल्या जागांची खरी लढत त्या टक्क्यात चालते. परसेंटाइलचा आकडा ऐकला की पहिल्यांदा त्याचे क्रमांकात रूपांतर करायचे, ही सवय लावून घ्या.

आता कटऑफ. मुले एकमेकांना गुणांचे कटऑफ सांगतात: अमक्या साली इतक्या गुणांना बंगळूर मिळाले, तमक्या साली इतक्यांना हैदराबाद. या गुणांचा उपयोग फार थोडा. पूर्वी क्लॅटचा पेपर १५० प्रश्नांचा होता. डिसेंबर २०२३ च्या परीक्षेपासून तो १२० प्रश्नांचा, १२० मिनिटांचा झाला. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो. जुन्या पेपरातले ९० आणि नव्यातले ९० एक कसे असतील? पेपर सोपा निघाला तर सगळ्यांचे गुण वर जातात, अवघड निघाला तर खाली येतात. एनडीएच्या लेखी परीक्षेत ९०० पैकी तीनशेच्या आसपास गुणांवर मुले पात्र ठरतात, हे तुम्ही पाहिले आहे. ते ऐकून शेजारचे काका म्हणतात, "तेहतीस टक्क्यांत अधिकारी?" काकांनी तो पेपर पाहिलेला नसतो.

म्हणून पाहायचा तो शेवटचा क्रमांक, म्हणजे कोणत्या विद्यापीठात कोणत्या क्रमांकापर्यंतच्या मुलाला जागा मिळाली. पेपरच्या काठिण्याचा त्यावर परिणाम होत नाही. तरी तोही दर वर्षी तसाच राहील असे धरू नका. जागा वाढल्या की तो पुढे सरकतो. बंगळूरच्या विद्यापीठात दीर्घ काळ ८० जागा होत्या. आता त्या दुपटीहून जास्त आहेत. तेव्हा दहा वर्षांपूर्वीचा तिथला शेवटचा क्रमांक आज कोणी ऐकवला तर तो इतिहास म्हणून ऐकावा.

एका गुणाने किती फरक पडतो, तेही पाहू. मधल्या पट्टीत एकेका गुणावर शेकडो मुले असतात. तिथे एक प्रश्न चुकला तर क्रमांक शेकड्यांनी मागे जातो. १ डिसेंबर २०२४ च्या परीक्षेत काही प्रश्नांच्या उत्तरसूचीवर आक्षेप आले, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात आणि मग मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. मोजक्या प्रश्नांसाठी एवढे कशाला, असे बाहेरच्याला वाटेल. ज्याचा क्रमांक त्या प्रश्नांवर टांगला होता, त्याला वाटणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि आपल्या मुलांच्या बाबतीत तर फारच महत्त्वाची. शेवटच्या क्रमांकांच्या तक्त्यात एका विद्यापीठापुढे एकच आकडा नसतो, अनेक ओळी असतात. अखिल भारतीय खुला प्रवर्ग, मागास प्रवर्ग, आर्थिक दुर्बल घटक, मुली, दिव्यांग, त्या राज्याचे रहिवासी, काही विद्यापीठांत संरक्षण दलातील कर्मचाऱ्यांचे पाल्य. प्रत्येक ओळीचा शेवटचा क्रमांक वेगळा. अखिल भारतीय ओळ आणि राज्याची ओळ यांत शेकड्यांचे, कधी हजाराचेही अंतर असते. आपली ओळ कोणती, हे ठरवल्याशिवाय तक्ता वाचण्यात अर्थ नाही. आणि फौजीच्या मुलाला आपली ओळ सहजासहजी ठरवता येत नाही.

मागच्या तुकडीतला एक कॅडेट तक्ता घेऊन माझ्याकडे आला होता. गाव सातारा जिल्ह्यातले, वडील हवालदार, जन्म लष्करी रुग्णालयातला, पाचवीपर्यंतचे शिक्षण तीन राज्यांत, सहावीपासून इथे. वैद्यकीय तपासणीत दृष्टीमुळे तो बाद झाला होता आणि त्या आठवड्यात कोणाशी धड बोलत नव्हता. त्याने बंगळूरच्या कर्नाटकाच्या ओळीतल्या आकड्याभोवती लाल गोल केला होता. "सात वर्षे कर्नाटकात शिकलो, सर. माझी ओळ हीच ना?" नव्हती. तिथे कर्नाटकचा विद्यार्थी ठरायला राज्यात किमान दहा वर्षे शिक्षण झालेले लागते. सहावीत दाखल होऊन बारावी करणाऱ्या आपल्या कोणत्याही मुलाची नुसत्या शाळेच्या बळावर सातच वर्षे भरतात. उलट महाराष्ट्राच्या ओळी त्याने वाचल्याच नव्हत्या. "मी महाराष्ट्रात एक दिवस शाळेत गेलो नाही, तिथले मला कोण देणार?" मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठांत राज्यातल्या रहिवाशांसाठी राखीव जागा आहेत. रहिवासी कोणाला म्हणायचे, हे माहितीपत्रकात आणि डोमिसाईलच्या नियमांत लिहिलेले असते. मी त्याला फक्त एवढेच म्हणालो, "अरे, अंदाज करू नकोस, वडिलांना विचार." वडील सुटीवर गावी गेले, स्वतःचे आणि आजोबांचे कागद घेऊन तहसील कार्यालयात तीन खेपा घातल्या आणि मुलाचा दाखला काढला. अभ्यास तोच, मुलगा तोच, सराव परीक्षेतला क्रमांकही तोच. ज्या तक्त्यात त्याला आधी एकही जागा दिसत नव्हती, त्यात आता दोन ठिकाणी आशा दिसू लागली. त्या रात्री तो जेवायला वेळेवर आला, असे त्याच्या हाऊसमास्टरांनी मला सांगितले.

ओळी वेगळ्या असल्या की न्यायाचा प्रश्नही येतो, आणि त्याचे ताजे उदाहरण आपल्याच सैन्यातले आहे. कायद्याची पदवी घेतलेल्यांना सेनेच्या जॅग, म्हणजे जज अ‍ॅडव्होकेट जनरल शाखेत अधिकारी म्हणून जाता येते. या शाखेच्या ३१व्या तुकडीच्या जाहिरातीत पुरुषांसाठी ६ आणि स्त्रियांसाठी ३ जागा होत्या, दोघांच्या गुणवत्ता याद्या वेगळ्या. स्त्रियांच्या यादीत चौथ्या-पाचव्या आलेल्या उमेदवारांना जागा मिळाली नाही, पुरुषांच्या यादीत मात्र त्यांच्याहून कमी गुणांचा उमेदवार निवडला गेला. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही विभागणी रद्द ठरवली आणि सर्वांची एकच गुणवत्ता यादी करायला सांगितले. आता शाळेत मुलीही आहेत, त्यांनी हा निकाल जरूर वाचावा. कटऑफच्या दोन ओळी शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या म्हणून ही गोष्ट उघडकीला आली.

जॅगचा उल्लेख आलाच आहे तर हेही सांगतो. तिथे एलएलबीला किमान ५५ टक्के लागतात, वय २१ ते २७, आणि आता एलएलएमच्या प्रवेशासाठी असलेल्या क्लॅटचे गुणही लागतात. त्यानंतर एसएसबी आणि वैद्यकीय तपासणी आहेच. बारावीनंतर एसएसबीत राहून गेलेल्याला पाच वर्षांनी तोच दरवाजा पुन्हा ठोठावता येतो.

क्लासच्या जाहिरातींबद्दल थोडक्यात. "आमचे इतके विद्यार्थी निवडले गेले" हा अंश झाला, छेद कुठे आहे? क्लासमध्ये एकूण किती मुले होती, हे जाहिरातीत छापत नाहीत. नुसती सराव परीक्षांची मालिका घेतलेला मुलगाही तिथे 'आमचा विद्यार्थी' होतो. एकच हसरा चेहरा तीन क्लासच्या फलकांवर मी स्वतः पाहिला आहे.

प्रवेश फेऱ्यांतला आकडाही तपासून घ्या. पहिल्या फेरीचा शेवटचा क्रमांक हा अखेरचा नसतो. काही मुले जागा पक्की करतात, काही वरच्या विद्यापीठाची वाट पाहत 'फ्लोट' करतात, काही सोडून जातात, आणि यादी खाली सरकत राहते. तक्ता पाहताना तो कितव्या फेरीचा आहे ते आधी वाचा. पहिल्या फेरीचा तक्ता पाहून हिरमुसलेली मुले मी पाहिली आहेत. शेवटच्या फेरीचा पाहून विद्यापीठांचा पसंतीक्रम बेफिकिरीने भरलेलीही पाहिली आहेत.

महाराष्ट्रात परत जाऊ इच्छिणाऱ्यांनी राज्याच्या विधी सीईटीचा वेगळा तक्ता करावा. मुंबईचे १८५५ सालचे शासकीय विधी महाविद्यालय आणि पुण्याचे १९२४ सालचे आयएलएस तिथे येतात. त्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे क्लॅटचा सराव क्रमांक तिथे लावू नका. ते वेगळे मैदान आहे.

अकरावीच्या कॅडेट्सनी येत्या सुटीत एक काम करावे. वहीत पाच रकाने आखा: विद्यापीठ, आपली ओळ, त्या ओळीचा गेल्या तीन वर्षांचा अखेरच्या फेरीचा शेवटचा क्रमांक, त्या त्या वर्षीच्या जागा, आणि लागणारे दाखले. शेवटचा रकाना सगळ्यात आधी भरा. क्लॅट डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते आणि अर्जाची मुदत त्याच्या कितीतरी आधी संपते. सेतू केंद्रात दाखल्याला वेळ लागतो, वडिलांच्या युनिटमधून सेवेचे प्रमाणपत्र यायलाही लागतो. मागच्या वर्षांचे तक्ते गणित विभागाच्या कपाटात ठेवले आहेत. संध्याकाळच्या प्रेपनंतर येऊन उतरवून घ्यावेत, पाने फाडून नेऊ नयेत.