गावकामातील मुलांचा वाटा आणि त्यांचे आरोग्य

गारगोटी येथे १९४७ साली जे. पी. नाईक यांनी मौनी विद्यापीठाची स्थापना केली. शाळा आणि गाव यांचा निकटचा संबंध असावा, हा त्या कार्यामागील विचार होता. पुढे ते कोठारी आयोगाचे (१९६४-६६) सदस्य-सचिव झाले. समाजसेवा हे शिक्षणाच्या सर्व पायऱ्यांवरील अंग असावे, अशी शिफारस त्या आयोगाने केली.

समाजसेवेने गावाचे हित होते, हे आपण जाणतो. सेवा करणाऱ्या मुलाचेही स्वास्थ्य तिने सुधारते, इकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. १९४८ साली अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेनुसार केवळ रोगाचा अभाव म्हणजे आरोग्य नव्हे. शारीरिक, मानसिक व सामाजिक स्वास्थ्य त्यात अंतर्भूत आहे. आपल्या शब्दाला गावात किंमत आहे, ही जाणीव मुलाच्या मनाला बळ देते.

परंतु काम करवून घेणे निराळे आणि कामात वाटा देणे निराळे. नोकरीच्या आरंभी, वरिष्ठांच्या भेटीच्या आदल्या दिवशी मी मुलांकडून पटांगण झाडून घेतले होते. झाडू मुलींच्या हाती होते, देखरेख मुलांकडे होती. भेट आटोपली आणि दोन दिवसांत कचरा पूर्ववत झाला. पुढे दुसऱ्या एका शाळेत मी मुलांनाच विचारले, "आपल्या वाडीत आजार कशाने होतात?" त्यांनी हातपंपाजवळचे डबके दाखविले, नकाशा काढला व सरपंचांना अर्ज लिहिला. यथावकाश तेथे शोषखड्डा झाला. वर्गात कधी न बोलणाऱ्या मुलाने तो अर्ज वाचून दाखविला होता. त्यानंतर तो शाळा चुकवीनासा झाला. एका अनुभवावरून सिद्धान्त मांडू नये. तथापि तो विचार करावयास लावणारा आहे.

पाठाची आखणी (इयत्ता पाचवी ते सातवी, चार आठवडे)

१. पाहणी : घरोघरी पाणी कोठे साठते, याची नोंद मुलांनी करावी.

२. कारणमीमांसा : डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून, घासून कोरडी केल्यास ही साखळी तुटते. 'कोरडा दिवस' पाळण्याचे मर्म हेच.

३. निर्णय : वार कोणता व कोणत्या घरी कोणी सांगावयाचे, हे मुलांनी ठरवावे.

४. निवेदन : गटार, पाणीपुरवठा इत्यादी मुलांच्या आवाक्याबाहेरील प्रश्न लेखी स्वरूपात ग्रामसभेपुढे ठेवावेत.

दक्षता

गटारात उतरणे, औषध फवारणे अशी कामे मुलांना कदापि देऊ नयेत. जात वा लिंग पाहून कामे वाटू नयेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुलांच्या अर्जाचे काय झाले, हे त्यांना कळलेच पाहिजे. मागणी मान्य न झाल्यास कारण विचारून ते वर्गात समजावून सांगावे. दखलच न घेतल्यास मूल खिन्न होते आणि पुन्हा पुढे येत नाही.

महिनाअखेर किती भांडी कोरडी झाली, हे अवश्य मोजावे. त्याचबरोबर पूर्वी गप्प राहणारी किती मुले बोलू लागली, याचीही नोंद ठेवावी.