पाळीव कुत्र्यामांजरांचें निर्बीजीकरण : अल्प खर्चाची एक योजना

गोऱ्हा वयांत आला कीं त्याचें खच्चीकरण करून घ्यावें, हें कोणाही शेतकऱ्यास शिकवावें लागत नाहीं. पूर्वीं गांवोगांव बैल बडवीत असत. पुढें बुर्डिझोचा चिमटा आला आणि तें काम जनावरांच्या दवाखान्यांत थोड्या वेळांत व कमी यातनांनीं होऊं लागलें. परंतु ज्या अंगणांत तो बैल बांधलेला असतो, त्याच अंगणांत राखणीस ठेवलेल्या कुत्रीच्या संततीचा विचार मात्र क्वचितच होतो. ती वर्षांतून बहुधा दोनदां विते, आणि पिल्लांचें काय करावयाचें हा प्रश्न प्रत्येक वेळीं नव्यानें उभा राहतो.

प्रस्तुत लेखकाच्या वस्तीवरही अनेक वर्षें असेंच चाललें होतें. एका पावसाळ्यांत कुत्रीस सहा पिल्लें झालीं. दोन मागणाऱ्यांस दिलीं. उरलेलीं चार गड्याकरवीं पोत्यांत घालून ओढ्यापलीकडे, शेजारच्या गांवच्या शिवेवर सोडविलीं. त्यांतील कांहीं मेलीं असतील. जीं जगलीं तीं कोणाचींच नव्हतीं. त्यांस ना भाकरी, ना लस. पुढील वर्षीं त्या शिवेवरील एका धनगराच्या वाड्यांत दोन कुत्रे शिरले व त्यांनीं तीन कोंकरें फाडलीं. त्यांतील एकाच्या छातीवर आमच्या कुत्रीसारखाच पांढरा पट्टा होता. धनगरानें आम्हांस कांहीं विचारलें नाहीं, आणि आम्हींही भरपाईची गोष्ट काढली नाहीं. ती लाज अद्याप मनांत आहे. म्हणून हा विषय वाचकांपुढें मांडीत आहों.

एका मादीचा हिशेब

कुत्री साधारणतः सहा ते बारा महिन्यांच्या वयांत प्रथम माजावर येते आणि पुढें सुमारें सहा-सात महिन्यांच्या अंतरानें येत राहते. गर्भकाल सुमारें 63 दिवसांचा असतो. एका वेतास पांच पिल्लें धरलीं तर वर्षास दहा, आणि पांच वर्षांत पन्नास होतात. त्यांतील माद्यांची पुढील संतति यांत धरलेली नाहीं. मांजरीची गति याहूनही अधिक. ती चार-पांच महिन्यांची असतांनाच गाभण राहूं शकते, आणि पिल्लें अंगावर पीत असतांही पुन्हां माजावर येते. इतक्या जीवांस पोसणारीं घरें कोणत्याही गांवांत नसतात. अर्थात् बहुतेक पिल्लें उपाशीं मरतात, गाडीखालीं सांपडतात, किंवा बेवारशी होऊन गांवास उपद्रव देतात.

या उपद्रवांत पिसाळी म्हणजे रेबीज हा सर्वांत भयंकर होय. त्याचीं लक्षणें एकदां प्रकट झालीं म्हणजे माणूस वांचण्याची आशा जवळजवळ उरत नाहीं. कुत्रें चावल्यास जखम वाहत्या पाण्यानें व साबणानें पंधरा मिनिटें धुवावी व तत्काळ सरकारी दवाखान्यांत लस घ्यावी, हें घरांतील मुलांसही ठाऊक असावें. बेवारशी कुत्र्यांस लस टोंचणें कठीण. म्हणून त्यांची संख्या वाढणें म्हणजे या रोगाचें क्षेत्र वाढणें होय.

दुसरा उपद्रव बिबट्याचा. अहिल्यानगर जिल्ह्यांतील अकोले भागांत बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांच्या आहाराचा अभ्यास झाला व तो 2014 सालीं प्रसिद्ध झाला. उंसाच्या व बागाइती शेतांत वावरणाऱ्या त्या बिबट्यांच्या भक्ष्यांत, वजनाच्या मानानें, एकट्या कुत्र्यांचा वांटा 39 टक्के आढळला. वस्तीभोंवतीं मोकाट कुत्रीं वाढूं देणें म्हणजे बिबट्यास दारांत पान वाढून ठेवण्यासारखेंच आहे.

शस्त्रक्रिया म्हणजे काय

मादीस पूर्ण भूल देऊन पोटास लहानसा छेद घेतात, अंडाशय व बहुधा गर्भाशयही काढून टांके घालतात. नराचे वृषण लहान छेदांतून काढतात. हें काम मादीच्या मानानें सोपें व स्वस्त असतें. बैलास वापरावयाचा चिमटा कुत्र्यामांजरांस कदापि लावूं नये, व गांवठी उपायही करूं नयेत. हें काम नोंदणीकृत पशुवैद्याचेंच आहे.

या शस्त्रक्रियेनें मादीच्या प्रकृतीसही लाभ होतो. वयस्क कुत्र्यांत गर्भाशयांत पू होण्याचा जो प्राणघातक विकार दिसतो, तो गर्भाशय व अंडाशय काढल्यावर होत नाहीं. संगांतून पसरणारी जननेंद्रियांची गांठ आपल्याकडील मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यांत पुष्कळ आढळते. तिचा धोकाही कमी होतो. शस्त्रक्रिया केलेलें कुत्रें राखण करीत नाहीं, ही समजूत खरी नव्हे. राखणीची संवय जात, वळण व धन्याचा सहवास यांवर अवलंबून असते. उलट नराचें माजावरील मादीमागें रात्र-रात्र भटकणें कमी होतें. अन्न मात्र बेतानें द्यावें, नाहीं तर तें स्थूल होतें. मादीस एकदां तरी पिल्लें होऊं द्यावीं, या म्हणण्यासही वैद्यकाचा आधार नाहीं. वंश खुंटविण्याचें पाप लागेल असें कोणी म्हटल्यास, पोत्यांत घालून शिवेवर टाकलेल्या पिल्लांचें पाप कोणाच्या खातीं मांडावयाचें, एवढेंच त्यास विचारावें.

प्रथम मादी

द्रव्य थोडें असेल तर तें प्रथम माद्यांवर खर्चावें. गांवांतील दहा नरांपैकीं नवांची शस्त्रक्रिया झाली, तरी उरलेला एक नर सर्व माद्यांस पुरतो. परंतु दहांपैकीं सात माद्यांची झाली, तर सात वेतें निश्चित टळतात. जयपूर शहरांत 1994 सालीं सुरू झालेल्या कामाचा अनुभव येथें उपयोगी आहे. तेथें वस्तींतील कुत्र्यांची शस्त्रक्रिया करून, लस टोंचून, त्यांस पूर्वींच्या जागीं सोडीत. आठ वर्षांत सुमारें 65 टक्के माद्यांचें काम झालें, कुत्र्यांची संख्या 28 टक्क्यांनीं घटली, आणि त्या भागांतून मुख्य सरकारी रुग्णालयांत येणारे रेबीजचे रोगी शून्यावर आले. शस्त्रक्रिया व लस यांची जोडी फोडूं नये, हा त्यांतील बोध होय.

खर्च कसा कमी करावा

एकट्या धन्यास ही गोष्ट महाग कां पडते तें पाहावें. भूल, टांक्यांचा दोरा, औषधें व वैद्याचें शुल्क हा एक भाग. परंतु जनावर घेऊन तालुक्यास जाणें, दिवस मोडणें व गाडीभाडें हा दुसरा भागही लहान नसतो. हा दुसरा भाग सहकारानें पुष्कळ कमी करतां येतो. त्यासाठीं शेतकरी संघांनीं पुढील क्रम ठेवावा.

1. गांवांतील पाळीव कुत्र्यामांजरांची नोंदवही करावी. मादी, नर, वय व लस यांचे रकाने निराळे असावेत.

2. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत ही शस्त्रक्रिया होते किंवा नाहीं याची चौकशी करावी. मुंबई, नागपूर, शिरवळ, परभणी व उदगीर येथें पशुवैद्यकीय महाविद्यालयें आहेत. तीं जवळ असल्यास तेथील रुग्णालयांतही विचारावें. प्राणिसेवा करणाऱ्या संस्थाही कांहीं ठिकाणीं अल्प शुल्कांत हें काम करतात.

3. एका दिवशीं किती जनावरें घ्यावयाचीं, हें वैद्यानें ठरवावें. संघानें संख्येचा आग्रह धरूं नये. गांवांत स्वच्छ खोली, पाणी व उजेड यांची सोय वैद्यास पसंत नसेल, तर संघाच्या एकाच टेंपोंतून सर्व जनावरें दवाखान्यांत न्यावींत.

4. खर्चाचे तीन वांटे करावे : एक धन्याचा, एक संघाचा, एक ग्रामपंचायतीचा किंवा गांवांतील दात्यांचा. भूमिहीन मजूर व मेंढपाळ यांचा वांटा माफ असावा. कारण बहुधा त्यांच्याच दारीं माद्या अधिक असतात. इतरांस मात्र अगदीं फुकट देऊं नये.

5. दहाव्या दिवशीं संघाच्या माणसानें घरोघर फेरी करून जखमा पाहाव्या व नोंद करावी.

काळ रबीचीं पिकें निघाल्यावर, माघ-फाल्गुनांत निवडावा. तेव्हां जमीन कोरडी असते, हातांस थोडी उसंत असते, आणि पावसाळ्याच्या अखेरीस कुत्र्यांत माज वाढण्यापूर्वींच काम आटोपतें. 28 सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन; त्या सुमारास अनेक ठिकाणीं लसीकरण होतें, त्याचा लाभ निराळा घ्यावा.

धन्यानें घ्यावयाची काळजी

गोचीड आधींच काढाव्यात. गोचीडतापानें अशक्त झालेल्या जनावराची शस्त्रक्रिया धोक्याची असते. मादी माजावर अथवा गाभण असल्यास तें वैद्यास प्रथम सांगावें. मोठ्या जनावरास आदल्या रात्रीपासून खाऊं घालूं नये. लहान पिल्लांस मात्र इतका उपास सोसत नाहीं, त्यांविषयीं वैद्य सांगेल तसें करावें. नंतर सात ते दहा दिवस जनावर कोरड्या, स्वच्छ जागीं बांधावें. पळूं, भिजूं किंवा टांके चाटूं देऊं नये. जखम सुजली, वाहूं लागली, अथवा जनावरानें खाणें टाकलें, तर वाट न पाहतां दवाखाना गांठावा. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या त्यास देऊं नयेत. मांजरास तर त्या विषासमान ठरतात. नराच्या अंगीं शस्त्रक्रियेनंतरही कांहीं आठवडे बीज राहूं शकतें, म्हणून महिनाभर त्यास माजावरील मादीपासून दूर ठेवावें.

कायद्याची बाजू

2023 सालच्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणें पाळीव जनावराचें जंतनाशन, लसीकरण व निर्बीजीकरण यांची जबाबदारी धन्याची आहे. रस्त्यावरील कुत्र्यांचें काम स्थानिक संस्थांनीं मान्यताप्राप्त संस्थेकडून करवून घ्यावयाचें असतें. म्हणून संघानें आपल्याच हिंमतीवर मोकाट कुत्रीं पकडूं नयेत, पंचायतीकडे अर्ज करावा.

शेजाऱ्याच्या बांधावर तणाचें बीं जाऊं नये म्हणून चांगला शेतकरी आपलें शेत वेळेवर निंदतो. कुत्र्यामांजरांच्या बाबतींतही न्याय तोच आहे. आमच्या वस्तीवरील कुत्रीची शस्त्रक्रिया त्याच वर्षीं, माघांत झाली. ती पुढें सात वर्षें जगली व शेवटपर्यंत खळ्यावर राखणीस बसली. ओढ्यापलीकडे पोतें नेण्याचा प्रसंग पुन्हां आला नाहीं. संघाच्या पुढील बैठकींत सभासदांनीं निदान नोंदवहीचा ठराव करावा, इतकीच विनंति आहे.